टप पांढरा पडलाय, बफिंग करू का?

या वेळच्या टपालात काळ्या गाड्यांचीच पत्रं जास्त आहेत, म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकावर ठेवून हे सदर काळ्या रंगाला देतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात रंगाची गन हातात धरून माझं आयुष्य गेलं. इतक्या रंगांत काळ्याइतका जीव मला दुसऱ्या कशात नाही, आणि काळ्याइतका छळही दुसऱ्या कुठल्या रंगाचा होत नाही.

प्रश्न : मी बार्शीजवळ शेती करतो. दिवाळीत एका कंत्राटदाराकडून २०१५ची काळी स्कॉर्पिओ घेतली. इंजिन, गिअर उत्तम. पण गाडी तीन-चार वर्षं त्यांच्या आंब्याच्या झाडाखाली उघड्यावर उभी होती, आणि जवळच साखर कारखाना आहे. टप पांढरट पडलाय, बॉनेटवर पाण्याचे गोल डाग आहेत, दारांवर उन्हात ओरखड्यांची जाळी दिसते. गावातला वॉशिंगवाला डिझेलचं फडकं मारून देतो. दोन दिवस चमकते, मग पहिल्यापेक्षा वाईट. सोलापुरात एकाने बफिंग आणि सिरॅमिक कोटिंग मिळून अठरा हजार सांगितले, ‘शोरूमसारखी करून देतो’ म्हणाला. मेहुणे म्हणतात, पूर्ण गाडीच नव्याने रंगवून घे. काय करू?

उत्तर : दादा, यातलं आत्ता काहीच करू नका. आधी डिझेल बंद करा. ते ओरखड्यांत भरतं म्हणून दोन दिवस रंग गडद दिसतो, आणि मग त्याच चिकट थरावर रस्त्याची सगळी धूळ येऊन बसते. दारा-खिडक्यांची रबरंही त्याने फुगून सैल होतात.

तुमच्या पत्रात माझं लक्ष गेलं ते आंब्याच्या झाडाकडे आणि कारखान्याकडे. मोहोराच्या दिवसांत आंब्यावरचे तुडतुडे गोड, चिकट द्रव सोडतात. तो खालच्या गाडीवर बारीक तुषारांनी पडत राहतो आणि त्यावर काळी बुरशी धरते. कारखान्याच्या धुराड्यातून येते ती चिपाडाची राख. तिच्यात सिलिका भरपूर, म्हणजे वाळूचाच पदार्थ. त्या राखेवर कोरडं फडकं फिरवलं की प्रत्येक हातासरशी रंगावर चरे उठतात. वर बोअरचं पाणी आहेच. ते उन्हात वाळलं की त्यातला कॅल्शियम-मॅग्नेशियमचा क्षार पांढरा गोल होऊन मागे राहतो. तेव्हा आज तुम्हाला जे दिसतंय त्यात बिघडलेला रंग किती आणि रंगावर बसलेला मळ किती, हेच अजून कुणी पाहिलेलं नाही. माझ्या शेडमध्ये अशा अवस्थेत आलेल्या कितीतरी गाड्या नुसत्या नीट धुतल्यावर ओळखू येईनाशा झाल्या आहेत.

म्हणून पहिलं काम धुण्याचं, आणि ते घाईने करायचं नाही. सकाळी, सावलीत, पत्रा हाताला गार लागत असताना सुरुवात करा. आधी नुसतं पाणी, टपापासून खाली, भरपूर. राख आणि धूळ वाहून जाईपर्यंत कापड लावू नका. मग दोन बादल्या घ्या. एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवून एक भाग धुवायचा, साध्या पाण्यात खळबळून घ्यायचा, मगच परत शाम्पूत. भांड्यांची पावडर आणि कपड्यांचा साबण नको. पुसताना टॉवेल अंथरून पाणी टिपून घ्या, घासू नका. बोअरचं पाणी अंगावर वाळू द्यायचं नाही, हे तुमच्याकडे सगळ्यात महत्त्वाचं.

बॉनेटच्या डागांवर पांढरं व्हिनेगर आणि पाणी सारखं मिसळून कापडाने मिनिटभर ओलं ठेवा आणि लगेच धुवा. डाग गेला तर तो वरवरचा क्षार होता. कडं तसंच राहिलं तर क्षाराने रंगात खड्डा पाडला आहे, तो पुढे पॉलिशमध्ये बघू.

गाडी कोरडी झाली की एक पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून बोटं बॉनेटवरून अलगद फिरवा. नुसत्या हाताला जे कळत नाही ते पिशवीतून कळतं. खरखर लागली तर रंगावर अजून काहीतरी रुतलेलं आहे: डांबराचे थेंब, ब्रेकच्या लोखंडाची पूड, झाडाचा चीक. डांबराला टार रिमूव्हर. लोखंडाच्या पुडीसाठी फवारायचं द्रावण मिळतं. जिथे लोखंड असेल तिथे ते जांभळं होऊन ओघळतं. उरलेलं क्ले बारने काढायचं. ही रंगाच्या दुकानात मिळणारी मऊ वडी असते. शाम्पूचं पाणी मारत, जोर न लावता ती फिरवायची. वडी जमिनीवर पडली तर टाकून द्या, कितीही महाग असली तरी. तिच्यात अडकलेला एक खडा अख्खं दार खराब करेल.

इतकं झाल्यावर खरा रंग दिसायला लागतो, आणि आता बफिंगचा विचार करायचा. कारखान्यातून आलेल्या गाडीवर पत्र्यापासून वरपर्यंत सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतात. माणसाचा केस ७०च्या आसपास भरतो, यावरून अंदाज घ्या. त्यातला सगळ्यात वरचा पारदर्शक थर, ज्याला आम्ही नुसतं ‘क्लिअर’ म्हणतो, तो ३५ ते ५० मायक्रॉन. चमक त्याच्यामुळे, आणि उन्हातल्या अतिनील किरणांना अडवणारी द्रव्यंही मुख्यतः त्याच्यात. बफिंगने ओरखडा भरला जात नाही. ओरखड्याभोवतीचा क्लिअर घासून त्याच्या तळापर्यंत खाली आणला जातो. गेलेला क्लिअर कुठल्याही बाटलीतून परत येत नाही.

माझ्या वडिलांच्या काळात गोष्ट वेगळी होती. तेव्हा नायट्रोसेल्युलोज लॅकर मारायचे, लोक त्याला ड्युको म्हणत. गनमधून तो बिनचमकीचाच निघायचा. थरावर थर द्यायचे आणि मग घासूनच चमक काढायची. जुन्या मिस्त्रींचा ‘दाबून घास’ हा हात तिथला आहे आणि त्या रंगाला तो बरोबर होता. आजच्या क्लिअरवर तोच हात फिरत्या मशीनने चालवला, तर दाराच्या कडेवरचा क्लिअर बघता बघता संपतो.

तेव्हा सोलापूरच्या त्या गृहस्थाला पैसे देण्याआधी दोन गोष्टी मागा. पहिली, रंगाची जाडी मोजणारं मीटर. प्रत्येक भागावर चार-पाच ठिकाणी लावायला सांगा आणि आकडे लिहून घ्या. १०० ते १५० आलं तर रंग मूळचा. ३००च्या पुढे गेलं तर तो भाग एकदा रंगवलेला आहे, आणि आकडा त्याहून बराच वर गेला तर आत लांबी, म्हणजे खड्डा भरायची पुट्टी, आहे. आकडा ८०-९०च्या खाली आला, तर आधीच्या मालकाने त्या जागी भरपूर बफिंग करून घेतलंय. तिथे कटिंग कंपाउंड, म्हणजे क्लिअर घासून काढणारी खरखरीत पेस्ट, लावू द्यायचं नाही. हे मीटर सगळ्या थरांची बेरीज सांगतं, एकट्या क्लिअरची जाडी सांगत नाही, म्हणून चांगला आकडा आला तरी हात राखूनच काम करायचं. बंपर प्लॅस्टिकचा, त्यावर हे मीटर चालत नाही, आणि प्लॅस्टिकमधून उष्णता लवकर निघून जात नसल्याने तिथला रंग मशीनखाली पटकन जळतो.

दुसरी गोष्ट, बॉनेटवर दीड फूट चौकोनाची चाचणी. सुरुवात सगळ्यात सौम्य पॉलिश आणि मऊ फोम पॅडने. त्याने भागलं नाही तरच एक पायरी वर. चौकोन झाला की आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं निम्मं करून तो पुसून घ्यायला लावा आणि गाडी उन्हात काढून बघा. कंपाउंडमधलं तेल ओरखडे झाकतं. अल्कोहोलने ते निघून जातं आणि खरं काम उघडं पडतं. पुसायला जो नाही म्हणेल त्याच्याकडे गाडी ठेवू नका.

दारांवरच्या ओरखड्यांवरून नख फिरवा. नख अडकत नसेल तर पॉलिशने जाईल किंवा बराच कमी होईल. नख अडकलं तर तो ओरखडा राहू द्या. त्याच्यासाठी आख्ख्या दाराचा क्लिअर खाली आणण्याइतका तो महत्त्वाचा नाही. मी माझ्या गिऱ्हाइकांना हे आधीच सांगतो. काही नाराज होऊन जातात, जाऊ देत.

आता टप. तिथे नीट बघा, पांढऱ्या डागाला कड आहे का? सोलून निघालेल्या सालीसारखी कड दिसत असेल, नखाने ती उचलली जात असेल, तर क्लिअर खालच्या रंगापासून सुटला आहे. त्यावर पॉलिश, वॅक्स, सिरॅमिक, कशाचाही उपयोग नाही. घासाल तर कड आणखी पुढे सरकेल. कड नसेल, नुसता सरसकट पांढरटपणा असेल, तर चाचणीचा एक चौकोन टपावरही घ्या, उत्तर तिथेच मिळेल.

क्लिअर सुटलेलाच निघाला तर फक्त टप रंगवा. टपाच्या दोन्ही बाजूंना खाच असते, तिथे रंग तोडता येतो, त्यामुळे शेजारच्या भागांवर शेड पसरवत बसावं लागत नाही. गाडीवरच्या पट्टीवर रंगाचा कोड असतो, तो देऊनच रंग मिसळून घ्या. ‘काळा तो काळा’ असं कुणी म्हणालं तरी ऐकू नका, काळ्यातही निळसर आणि तपकिरी झाक असते.

मेहुण्यांना माझा नमस्कार सांगा, पण पूर्ण गाडी रंगवू नका. कारखान्यात मूळ रंग भाजला जातो तेव्हा गाडीत वायरिंग, सीट, रबर काही बसवलेलं नसतं, म्हणून भट्टी १४० अंशांच्या आसपास नेता येते. तयार गाडी आमच्या बूथमध्ये साधारण ६० अंशांपर्यंतच तापवता येते; आमचा क्लिअर हार्डनर घालून सुकवायचा असतो. मी उत्तम रंगवतो असं लोक म्हणतात, तरी सांगतो, शाबूत असलेला मूळ रंग माझ्या रंगापेक्षा सरस आहे. तो वाचवा.

सिरॅमिकची घाई नाही. ते रंग सुधारत नाही, आहे तो तसा बंद करतं. खाली ओरखडे असतील तर ओरखडेही. शिवाय टप नवा रंगवला तर तो आधी पूर्ण पिकू द्यावा लागतो. सध्या पॉलिशनंतर सीलंट, म्हणजे वॅक्ससारखा संरक्षक थर, लावा, चार-सहा महिने टिकतं. आणि गळीत हंगामात गाडीला छप्पर द्या, नुसतं पत्र्याचं असलं तरी चालेल. धुळीच्या गाडीवर कापडी कव्हर मात्र नको. वाऱ्याने ते हलतं आणि राख रंगावर घासत राहतं.

प्रश्न : ठाण्यात राहते. गेल्या वर्षी काळी सेकंड हँड हॅचबॅक घेतली, तेव्हा विकणाऱ्याने पॉलिश करून दिली होती, आरशासारखी होती. दोन-तीन महिन्यांत पार्किंगच्या दिव्याखाली गोल गोल ओरखडे दिसायला लागले. सोसायटीत एक काका पहाटे सगळ्यांच्या गाड्या पुसतात. मैत्रिणीची पांढरी गाडीही तेच पुसतात, तिच्यावर एक ओरखडा दिसत नाही. माझ्या गाडीचा रंगच कच्चा आहे का?

उत्तर : ताई, रंग कच्चा नाही. मैत्रिणीच्या गाडीवरही तेवढेच ओरखडे आहेत, फक्त पांढऱ्यात ते लपतात. पांढरा थर आत आलेला प्रकाश सगळीकडे परत फेकतो, त्या उजेडात ओरखड्याची चमक बुडून जाते. काळा थर प्रकाश गिळून टाकतो. मग काळ्या गाडीवरून डोळ्यापर्यंत जे काही येतं ते फक्त वरच्या पृष्ठभागावरून येतं, आणि त्यात ओरखडा लगेच उठून दिसतो.

ते गोल असतात असंही नाही. ओरखडे वाटेल त्या दिशेने गेलेले असतात. त्यातले दिव्याच्या उजेडाला आडवे असतील तेवढेच चमकतात, म्हणून दिव्याभोवती वर्तुळं दिसतात. दिवा हलवून बघा, वर्तुळंही त्याच्याबरोबर हलतील.

विकताना केलेल्या पॉलिशबद्दल मला वाटतं, त्यात ओरखडे भरून काढणारं ग्लेझ होतं. जुने ओरखडे झाकले गेले आणि धुण्यात ते ग्लेझ निघून गेलं. उरलेले नवे आहेत, ते रोजच्या पुसण्याचे.

काकांवर रागावू नका. एका बादलीत, एका फडक्यात त्यांना इतक्या गाड्या उरकायच्या असतात. शेजारच्या गाडीची वाळू तुमच्या बॉनेटवर येणारच. त्यांना सांगा, ‘काका, माझी गाडी रोज पुसू नका, काचा आणि आरसे तेवढे करा. पैसे तेवढेच देईन.’ आठवड्यातून एकदा तुम्ही दिलेल्या दोन बादल्या आणि तुमचे स्वतःचे मायक्रोफायबर टॉवेल वापरून धुऊन द्यायला सांगा. टॉवेलच्या कडेचं लेबल कापून टाका, तेही ओरखडा काढतं. टॉवेल धुताना फॅब्रिक सॉफ्टनर घालायचा नाही, आणि जो खाली पडला तो परत धुतल्याशिवाय गाडीला लावायचा नाही. हे काकांना एकदा नीट समजावून दिलंत तर ते पाळतील. माझ्या ओळखीच्या गाडी पुसणाऱ्यांना आपल्या हातची गाडी चांगली दिसावी असंच वाटतं, त्यांना साधनं कुणी देत नाही.

धूळ असलेली गाडी तशीच राहिली तर काही बिघडत नाही. पक्ष्याची विष्ठा मात्र एक दिवसही ठेवू नका. काळा पत्रा उन्हात इतका तापतो की क्लिअर मऊ पडतो आणि त्यातलं आम्ल आत उतरतं. ओला कागद ठेवून भिजू द्या, मग उचलून घ्या. सवयी बदलल्यावर एकदा सौम्य पॉलिश करून घ्या. त्याच्या आधी केलंत तर क्लिअर आणि पैसे दोन्ही जातील.

प्रश्न : रत्नागिरीहून लिहितोय. वडिलांची १९९०च्या दशकातली काळी बुलेट बरीच वर्षं पडवीत होती, आता मला चालवायची आहे. टाकी आणि मडगार्ड राखाडी झालेत. टाकीवर सोनेरी रेघा आहेत. इथला एक जण म्हणतो, मशीन मारून चकाचक करू, रेघा गेल्या तर स्टिकरच्या लावू. मी थोडंसं पॉलिश पांढऱ्या कपड्यावर घेऊन घासलं तर कपडा काळा झाला, म्हणून घाबरून थांबलो.

उत्तर : थांबलात ते फार चांगलं केलंत, पण घाबरू नका. कपडा काळा झाला म्हणजे वर क्लिअर नाही, काळा रंगच सगळ्यात वरचा थर आहे. त्या काळातल्या रंगात हे नेहमीचं. हवेने आणि उन्हाने त्याचा वरचा थर कोरडा पडून राखाडी होतो, खाली काळा शाबूत असतो. क्लिअर असलेल्या गाडीवर कपडा काळा झाला असता तर ती वाईट बातमी होती.

मशीन लावू देऊ नका. त्या रेघा चेन्नईच्या कारखान्यात कारागिरांनी ब्रशने, मोकळ्या हाताने ओढलेल्या असतात. स्टिकरची रेघ सगळीकडे सारखी असते; हाताच्या रेघेला सुरुवातीचा दाब असतो, वळणावर ती किंचित बदलते. तुमच्या वडिलांच्या टाकीवरची रेघ परत कुणाला आणता येणार नाही. डोळे मिटून रेघेवरून बोट फिरवा. बोटाला ती उंचवटा म्हणून लागली तर तिच्यावर कुठलंच संरक्षण नाही. तिच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा, रेघ टेपखाली झाका, आणि जुनी असल्याने टेप हलक्या चिकटीचाच घ्या, काढताना पोपडा यायला नको.

कोकणातली जांभ्याची लाल धूळ आधी पाण्याने सोडवा. मग पॉलिश करण्याच्या आदल्या रात्री एक गोष्ट करा, जिच्यावर माझा फार विश्वास आहे. तेलकट हँड ग्लेझ मिळतं, ते टेरीच्या मऊ कापडाने राखाडी भागावर भरपूर चोळा आणि रात्रभर तसंच राहू द्या. कोरडा पडलेला जुना रंग ते पिऊन घेतो. सकाळी पुसल्यावर काळा किती खोल झालाय ते बघा, आणि गरज वाटली तर पुन्हा तेच करा. त्यानंतर हाताने, सौम्य पॉलिशने, छोट्या छोट्या भागात. कपडा काळा होत राहील. होऊ द्या, पण प्रत्येक वेळी कपड्याची स्वच्छ बाजू घ्या. टाकीच्या कडांवर आणि उंचवट्यांवर जोर द्यायचा नाही, रंग तिथेच सगळ्यात पातळ असतो. प्रायमरचा वेगळा रंग डोकावला की त्या जागी काम संपलं असं समजा. शेवटी कार्नोबाचं वॅक्स. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं हे मेण आहे, जुन्या काळ्या रंगावर त्याची जी खोली येते ती मला दुसऱ्या कशाने मिळालेली नाही. तुमच्या खाऱ्या हवेत महिन्या-दीड महिन्याने परत लावावं लागेल.

पेट्रोलच्या झाकणाभोवती आणि टाकीच्या खालच्या जोडाशी मात्र बारकाईने बघा. रंगाखाली फोड आलेले दिसले तर आत गंज आहे. तो पॉलिशचा विषय नाही. टाकी आतूनही तपासून घ्या, आणि तेवढीच जागा रंगवणारा पेंटर शोधा. रेघांपासून लांब असेल तर वरची नक्षी वाचवून खालचा भाग रंगवता येतो.

प्रश्न : नाशिक. गाडीचा रंग बरा आहे, पण बंपरच्या खालचं आणि चाकांच्या कमानींचं काळं प्लॅस्टिक राखाडी झालंय. खोबरेल लावलं की एक दिवस काळं दिसतं. कायमचा उपाय?

उत्तर : खोबरेल, डिझेल, बुटाचं पॉलिश यातलं काहीच नको, पहिल्या पावसात ओघळ येतात आणि तोवर धूळ चिकटते. उन्हाने प्लॅस्टिकचा वरचा थर विरलेला असतो. शाम्पू आणि नायलॉनच्या मऊ ब्रशने तो भाग मळ निघेपर्यंत घासा, पूर्ण वाळू द्या, अल्कोहोलने पुसा आणि मग रंगद्रव्य असलेलं ट्रिम रिस्टोअरर पातळ लावा. नुसतं चमक आणणारं ड्रेसिंग घेऊ नका, डब्यावर नीट वाचून घ्या. आधी शेजारच्या रंगावर टेप लावायला विसरू नका, तो डाग वाळल्यावर सहज निघत नाही. काही जण हीट गनने प्लॅस्टिक तापवून काळं करून दाखवतात. तेव्हा ते खरंच काळं होतं, पण काही महिन्यांत परत राखाडी पडतं, आणि गन एका जागी जरा जास्त थांबली की तिथला पोत वितळून गुळगुळीत होतो. तसा भाग झालाच तर बदलण्यावाचून इलाज नाही.